रात्री दोन वाजता घरात ‘टक्’ कोण करतं? डॉल्बीवर भांडणाऱ्या सातारा-सांगलीत घरातल्या यंत्रांचा आवाज कायद्याला ऐकू का येत नाही

सातारा आणि सांगलीत आवाजाचा विषय निघाला की गाडी थेट डॉल्बीवर येऊन थांबते. विश्वास नांगरे-पाटील कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक होते तेव्हा त्यांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाचा धोशा लावला होता, आणि साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी डॉल्बीची बाजू उघड घेतली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या दणदणाटात दोन तरुणांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि तोच वाद पुन्हा पेटला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांवर निकाल देताना तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असं बजावलं. दरवर्षी भाद्रपद जवळ आला की हे सगळं पुन्हा वर येतं.

पण मिरवणूक वर्षातून मोजक्या रात्री. उरलेल्या रात्रींचं काय?

उरलेल्या रात्री झोप मोडणारा आवाज बहुतेक वेळा घरातूनच येतो. फ्रिजच्या मागे ठेवलेला स्टॅबिलायझर ‘टक्’ करतो. शेजाऱ्याच्या एसीचं आउटडोअर युनिट भिंतीतून घुमतं. गिझर तडतडतो. पहाटे चारला टाकीवरची मोटर आपोआप सुरू होते. पंखा दोन नंबरवर ठेवला की गुणगुणतो. यातला एकही आवाज पोलिसांत जाण्याइतका मोठा नाही. रोज रात्री ऐकणाऱ्याला मात्र तो पुरेसा असतो, त्यातही घरात आजारी माणूस, तान्हं बाळ किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कुणी असेल तर जास्तच.

एवढ्याशा आवाजाने झोप कशी मोडते?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये आवाजासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार झोपण्याच्या खोलीत रात्रभराचा सरासरी आवाज ३० डेसिबलपर्यंत असावा आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. यातली दुसरी अट महत्त्वाची आहे. पंख्याचा एकसुरी आवाज मेंदू थोड्या वेळात मागे टाकतो. शांततेत अचानक आलेला छोटा आवाज तो सोडत नाही. त्यामुळे पंखा फरफरत असताना जो ‘टक्’ कळतही नाही, तोच हिवाळ्यात पंखा बंद असताना दचकवतो. ‘थंडीत घर जास्त आवाज करतं’ असं जे म्हटलं जातं, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

डेसिबलचं गणितही थोडं फसवं आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ३५ आणि ४५ हे आकडे जवळचे दिसले तरी उशीवर डोकं टेकलेल्या माणसाला त्यातला फरक बरोबर कळतो.

स्टॅबिलायझरचा ‘टक्’ आणि विहिरीवरची मोटर

घरातल्या सगळ्या आवाजांत या दोन जिल्ह्यांची खरी गोष्ट सांगतो तो स्टॅबिलायझर.

साध्या स्टॅबिलायझरच्या पोटात एक ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला जोडलेले काही रिले. येणारं व्होल्टेज कमी झालं की एक रिले चिकटतो, वाढलं की दुसरा. ‘टक्’ म्हणजे त्या रिलेची छोटी लोखंडी पट्टी खेचली जाण्याचा आवाज. म्हणजे स्टॅबिलायझर टकटक करतो तेव्हा तो बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, तो त्याचं काम करत असतो. बाहेरचं व्होल्टेज वरखाली होतंय, एवढं तो सांगतो.

आता हे व्होल्टेज रात्रीच का नाचतं, ते बघू. गावठाणातली घरं आणि शेतीपंप यांचे फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केले आहेत. पण वाळवा, तासगाव, कराड, कोरेगाव अशा बागायती पट्ट्यात कितीतरी कुटुंबं गावात राहतच नाहीत. ती मळ्यात, वस्तीवर राहतात. त्यांच्या घरात येणारी वीज अनेकदा शेतीच्याच लाइनवरून येते. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला, द्राक्षाला पाणी द्यायला त्याच वेळी मोटरी चालू होतात.

इथे येतो ऑटो स्विच. रात्री लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, आणि थंडीत, अंधारात, बिबट्याच्या धाकात विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायची कुणाला हौस नाही. म्हणून स्टार्टरला ऑटो लावला जातो. वीज आली की मोटर आपली आपण सुरू. एका शेतकऱ्याची त्यात पूर्ण सोय आहे. पण एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटरींना ऑटो असेल तर वीज आल्याबरोबर सगळ्या जवळजवळ एकदमच उठतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट, साधारण पाच-सहा पट करंट खेचते. व्होल्टेज दणकन खाली येतं. डीपीपासून लांब, लाइनच्या टोकाला असलेल्या वस्तीवर तर फारच. तिथला स्टॅबिलायझर आधी टक् करतो, मग व्होल्टेज मर्यादेच्या खाली गेलं म्हणून फ्रिज तोडतो, दोन-तीन मिनिटं थांबतो, पुन्हा जोडतो, पुन्हा टक्. ज्या घरात हे चालतं, त्या घराच्या मालकाचीच मोटर त्या पंधरा-वीसमधली एक असते, हाही गमतीचा भाग.

महावितरण गेली कित्येक वर्षं शेतकऱ्यांना सांगतंय: ऑटो स्विच काढा, मोटरीला कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर बसवला की मोटर लाइनमधून जो फुकटचा जास्तीचा करंट खेचते तो कमी होतो, व्होल्टेज सुधारतं आणि डीपी जळण्याचं प्रमाणही घटतं. कॅपॅसिटर महागडी वस्तू नाही. तरी तो बसत नाही, कारण आपण एकट्याने बसवून उपयोग काय, असं प्रत्येकाला वाटतं. त्यात चूकही नाही. वीस मोटरींच्या डीपीवर एकाने कॅपॅसिटर बसवला तर फरक दिसायला भिंग लागेल. सगळ्यांनी बसवले तर त्याच आठवड्यात कळेल.

घरात व्होल्टेज किती असायला हवं, हे नियमाने ठरलेलं आहे. सिंगल फेजला २३० व्होल्ट आणि त्यात ६ टक्के वरखाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४. स्टॅबिलायझरवर आकडे दिसत असतील तर रात्री ते सलग काही दिवस वेळेसकट लिहून ठेवणं किंवा फोटो काढणं हा सगळ्यात सोपा पुरावा. ‘फ्रिज आवाज करतो’ अशी तक्रार केली तर कुणी दारात उभं करणार नाही. ‘आमच्या डीपीवर रात्री अकरा ते एक व्होल्टेज १७० पर्यंत येतं’ अशी तक्रार १९१२ वर नोंदवली, तक्रार क्रमांक घेतला आणि डीपीवरच्या चार-पाच ग्राहकांनी मिळून नोंदवली, तर वायरमनच्या पुढचा माणूस बघायला येण्याची शक्यता वाढते.

दिवसा शेतीला वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली जातेय. तिची चर्चा शेतकऱ्याच्या रात्रीच्या जागरणाच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. पण मोटरी दिवसा चालल्या तर वस्तीवरच्या घरातलं रात्रीचं व्होल्टेजही स्थिर राहील, हा त्याचा न मोजलेला फायदा.

तोवर घरातल्या घरात काय करता येईल? स्टॅबिलायझर पत्र्याच्या कपाटावर किंवा पोकळ लाकडी शेल्फवर ठेवला असेल तर तो आधी खाली घ्यावा. कपाट ढोलकीसारखं काम करतं आणि रिलेचा आवाज वाढवतं. भिंतीला स्क्रूने बसवला असेल तर मध्ये रबराचे तुकडे घालावेत. त्याच्यावर कापड मात्र टाकू नये, हवा लागली नाही तर ट्रान्सफॉर्मर तापतो. नवीन फ्रिज किंवा इन्व्हर्टर एसी घेतला असेल तर तो किती व्होल्टेजपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. शहरात, जिथे व्होल्टेज बरं आहे, तिथे कित्येक घरांत जुना स्टॅबिलायझर निव्वळ सवयीने टकटक करत बसलेला असतो.

स्टॅबिलायझर टक् करण्याऐवजी सतत ‘हूंऽऽ’ करत असेल तर तो वेगळा प्रकार. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणला-आकसला जातो, म्हणून १०० हर्ट्झचा घुमारा येतो. थोडा असणारच. अचानक वाढला तर आतल्या पट्ट्या सैल झाल्यात किंवा लोड जास्त झालाय.

पंखा, मोटर आणि भिंतीवरचा एसी

पंख्याचं गुणगुणणं पंख्यापेक्षा रेग्युलेटरवर जास्त अवलंबून असतं. गोल फिरणारा, कुठेही थांबणारा रेग्युलेटर विजेची लहर कापून वेग कमी करतो आणि त्या कापलेल्या लहरीने मोटर गुंजते. एक-दोन-तीन-चार अशा ठरावीक टप्प्यांचा, कॅपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवला की बहुतेक पंखे गप्प होतात. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल बंधनकारक झालं आणि बीएलडीसी पंख्यांचा खप वाढला. या पंख्यांना बाहेरचा रेग्युलेटर चालत नाही. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून बीएलडीसी लावला आणि मग तो आवाज करतो म्हणून दुकानदाराशी भांडण, असं व्हायला नको.

पाण्याच्या मोटरीचा किस्सा थोडा वेगळा आहे. टाकीत फ्लोट आणि खाली ऑटो कंट्रोलर बसवला की पाणी कमी झाल्याबरोबर मोटर सुरू होते, मग रात्रीचे तीन असोत की दुपारचे. सोसायटीत यावरून होणारी भांडणं ‘मोटर बदला’ इथपर्यंत जातात. कंट्रोलरला साधा टायमर जोडून रात्री अकरा ते पहाटे पाच मोटर बंद ठेवली आणि झोपण्याआधी टाकी भरून घेतली की अर्धा प्रश्न संपतो. मोटर थांबताना पाइपमध्ये ‘धाड’ असा आवाज येत असेल तर वर चढलेलं पाणी मागे येऊन एनआरव्हीवर आदळतंय. स्प्रिंगवाला, लवकर मिटणारा एनआरव्ही आणि मोटरीच्या तोंडाशी हातभर लवचीक नळी, हा त्यावरचा उपाय प्लंबरला माहीत असतो. फक्त तो मागावा लागतो.

एसीच्या बाबतीत मात्र प्रश्न आपल्या घरापुरता राहत नाही. सांगलीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि एसी आता मिरज-कुपवाडपासून कराडपर्यंत मध्यमवर्गीय घरांत आले आहेत. गार हवा आत येते, आवाज बाहेर जातो आणि तो शेजाऱ्याच्या खिडकीसमोर असतो. जुन्या पद्धतीच्या एसीत थर्मोस्टॅट कंप्रेसर पूर्ण बंद करतो आणि पूर्ण चालू करतो. प्रत्येक वेळी ब्रॅकेटला एक झटका बसतो. इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो, झटका नसतो, पण १८ वर ठेवला की तोही रात्रभर पूर्ण जोर लावतो. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीला सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारक आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान २० ते २८ याच मर्यादेत ठेवता येईल असा नियम आणण्याची घोषणा केली, तेव्हा सोशल मीडियावर ‘आता सरकार आमच्या बेडरूममध्येही’ अशी भरपूर थट्टा झाली. वीजबचतीच्या त्या वादात आवाजाचा मुद्दा कुणी काढला नाही. तापमान २६ वर ठेवलेल्या इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर खोली गार झाल्यावर सावकाश चालतो, आणि शेजारच्या घरातला माणूस झोपतो.

बसवण्यातली चूक तर यंत्राच्या चुकीपेक्षाही जास्त वेळा सापडते. आउटडोअर युनिट चार-साडेचार इंची भिंतीवर, ब्रॅकेटला रबरी पॅड न लावता टांगलेलं असतं. मग भिंत स्पीकरच्या पडद्यासारखी थरथरते आणि आवाज युनिटसमोर कमी, भिंतीपलीकडच्या खोलीत जास्त येतो. यावर हाताची साधी परीक्षा आहे: तळवा भिंतीवर ठेवायचा. थरथर जाणवली तर रबरी पॅड आणि घट्ट बोल्ट हा उपाय. थरथर नसेल आणि आवाज खिडकीतून येत असेल तर युनिटची जागा बदलावी लागते. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे आधी माहीत असलं तर बसवायला आलेल्या माणसाला ‘तिकडे नको, इकडे लाव’ असं सांगता येतं.

गिझर तडतडतो तेव्हा

माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यात बोअरचं पाणी जड. साताऱ्याच्या पश्चिमेला पाणी तुलनेने हलकं, पण महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत गिझर जास्त वेळ चालतो. जड पाणी तापलं की त्यातला चुना हीटिंग कॉइलवर बसतो. त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचे बुडबुडे फुटतात आणि किटलीसारखा तडतड-सूंऽऽ आवाज येतो. थर्मोस्टॅट पूर्ण वर फिरवून ठेवलेला असेल तर चुना आणखी लवकर साचतो. तो ५०-६० अंशांच्या दरम्यान ठेवणं आणि जड पाण्याच्या भागात दरवर्षी कॉइल साफ करून घेणं, एवढ्याने आवाजही जातो आणि बिलही उतरतं. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी संपलीय का, हे बघायला सांगावं. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील किंवा फुसफुस होत असेल तर ते भोक बंद करण्याचा उद्योग मात्र कधीच करू नये. तो आवाज बंद झाला तर टाकी फुटण्याची भीती असते.

काही घरांत तेल भरलेला रूम हीटर असतो, लोखंडी पंख्यांच्या रांगेसारखा दिसणारा. तो तापताना आणि निवताना टिकटिकतो. पत्रा प्रसरण पावतो, आकसतो, तेवढंच. युरोपातल्या घरांमध्ये अशाच हीटरचा मोठा भाऊ प्रत्येक खोलीच्या खिडकीखाली बसवलेला असतो. त्याला रेडिएटर म्हणतात आणि आवाजाचा एक नवाच प्रकार सध्या तिथे घरोघरी आहे.

जर्मनीत गेलेल्या पोराच्या खोलीत काय वाजतं?

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि पश्चिम महाराष्ट्रात जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी वाढली. त्याआधीपासूनच शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी मुलं आहेत. तिथे घर गरम ठेवायला भिंतीतून गरम पाण्याचे पाइप येतात, ते रेडिएटरमध्ये शिरतात. किती पाणी आत सोडायचं, हे तोंडाशी बसवलेला थर्मोस्टॅट ठरवतो. हा थर्मोस्टॅट १९४३ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसन यांनी काढला. त्याला वीज लागत नाही. आतल्या डबीतला पदार्थ उष्णतेने फुगतो आणि व्हॉल्व्ह दाबतो, म्हणून त्याचा स्वतःचा आवाज जवळजवळ शून्य.

मग आले स्मार्ट थर्मोस्टॅट. बॅटरी, छोटी मोटर, दातेरी चाकं आणि मोबाइलवर ॲप. तापमान अर्धा अंश हललं की मोटर ‘झुर्रर्र’ करत व्हॉल्व्ह थोडा उघडते, थोडा मिटते. दिवसा हा आवाज कुणाच्या खिजगणतीतही नसतो. रात्री उशापासून चार फुटांवर, दर वीस मिनिटांनी झाला तर तिकडे पहिलाच हिवाळा काढणारा माणूस वैतागतो. काही वेळा आवाज मोटरचा नसतोच. व्हॉल्व्ह अर्धवट मिटला की पाणी अरुंद फटीतून सुसाटतं आणि शिट्टी वाजते. इमारतीचा पंप जास्त दाबाने पाणी ढकलत असेल तर हे हमखास होतं. पाण्याची ये-जा उलट्या दिशेने जोडली गेली असेल तर व्हॉल्व्ह ठोके देतो.

उपाय इथल्यासारखेच साधे आहेत. ॲपमधल्या वेळापत्रकात रात्री अकरा ते सहा एकच तापमान ठेवायचं, म्हणजे मोटरला हलायचं कारण कमी उरतं. काही थर्मोस्टॅटमध्ये मोटर सावकाश फिरवण्याची सोय असते, ती चालू करायची. बॅटरी उतरत आली की काही मोटरी कुरकुरतात, ती बदलायची. एवढं करूनही झोप येत नसेल तर झोपायच्या खोलीत जुना, न-स्मार्ट थर्मोस्टॅट परत बसवायचा. शिट्टी आणि ठोके मात्र घरमालकाला लेखी कळवायचे, कारण तो पाइप आणि पंपाचा दोष असतो.

आणि इथे फरक दिसतो. इमारतीच्या पाइप, पंप, लिफ्ट यांसारख्या यंत्रणेचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडाच्या झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असं जर्मनीचं डीआयएन ४१०९ हे बांधकामाचं मानक सांगतं. आपल्या स्वतःच्या थर्मोस्टॅटच्या झुर्रर्रला ते लागू नाही. पण मोजमाप घराच्या आत, उशीजवळ होतं.

आपला कायदा कुठे उभा राहून मोजतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. हे मोजमाप परिसरातल्या आवाजाचं आहे, म्हणजे कायदा घराबाहेर उभा आहे. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा किंवा आवाज करणाऱ्या साधनाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढू नये, असंही नियमात आहे. पण हे कलम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय ते भोंगा आणि साउंड सिस्टीम. शेजाऱ्याच्या एसीसाठी ते वापरायचं तर तक्रारदाराला बराच युक्तिवाद करावा लागेल. शिवाय मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते, अशी रचना आहे. रात्री ५५ डेसिबलचा टप्पा गाठणारं घरगुती यंत्र विरळच, आणि ४० डेसिबलच्या घुमाऱ्याने जागणाऱ्याला हा दरवाजा बंदच.

दुसरा कायदा कारखान्याच्या दारात उभा आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या परिशिष्टात घरगुती उपकरणांसाठी उत्पादनाच्या टप्प्यावरच्या मर्यादा दिल्या आहेत. एक ते दीड टनाच्या विंडो एसीला ६८ डेसिबल, एअर कूलरला ६० आणि फ्रिजला ४६. ही यादी विंडो एसीच्या जमान्यातली आहे. स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट, जे आज भिंतीभिंतीवर टांगलेलं दिसतं, तिच्यात वेगळं नोंदलेलं नाही. मिक्सर, पंखा, स्टॅबिलायझर, पाण्याची मोटर यांचाही पत्ता नाही. आणि कारखान्यात मोजलेला आकडा ब्रॅकेट सैल झाल्यावर, बेअरिंग झिजल्यावर काय होतो, हे विचारणारं कुणी नाही.

म्हणजे एक कायदा रस्त्यावर, एक कारखान्यात. मधल्या खोलीत ग्राहक एकटा.

सार्वजनिक उपद्रवाचं कलम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मध्ये त्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण उपद्रव ‘सार्वजनिक’ ठरवावा लागतो, एका खिडकीला होणारा त्रास त्यात बसवणं अवघड. दिवाणी दावा करता येतो, पण ९० रुपयांच्या रबरी पॅडसाठी कोर्टाच्या तारखा कोण मोजणार? उरते सोसायटी. चेअरमनकडे दिलेला लेखी अर्ज, त्यात तारखा आणि वेळा, आणि रात्री एकदा प्रत्यक्ष येऊन ऐकण्याची विनंती. सातारा-सांगलीसारख्या शहरांत, जिथे वरच्या मजल्यावरचे काका बहुधा कुणाच्या तरी नात्यातले निघतात, तिथे हे पोलिसांपेक्षा लवकर चालतं. नात्यामुळेच कधी कधी अजिबात चालत नाही, हेही खरं.

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा अर्जाला जोडला तर चालेल, पण त्याला पुरावा समजू नये. प्रत्येक फोनचा माइक वेगळा असतो आणि कमी आवाजात तर फारच चुकतो. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणून ओळखलं जाणारं, अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं मोफत ॲप फक्त आयफोनवर चालतं. आकड्यापेक्षा वेळांची नोंद जास्त उपयोगी पडते. आवाज कशाचा, हे ठरवण्यासाठी रात्री एकेक एमसीबी पाडून बघायचा. कुठला पाडल्यावर गप्प झालं, ते कळतं. सगळे पाडूनही आवाज चालूच असेल तर तो आपल्या घरातला नाही.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये तिथल्या ग्रामस्थांनी ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. मुलांच्या अभ्यासासाठी केलेल्या या प्रयोगाची दखल देशाबाहेरच्या माध्यमांनीही घेतली. त्यासाठी ना कुठला नियम होता ना दंड. एका डीपीवरच्या वीस शेतकऱ्यांनी एकाच दिवशी ऑटो काढून कॅपॅसिटर बसवायचं ठरवलं, तर तेही साधारण याच जातीचं काम आहे, आणि त्याला भोंगाही लागत नाही. रात्रीच्या पाळीला लाइट आल्यावर कुणी तरी उठून विहिरीपर्यंत जायला मात्र लागतं, आणि सौर वाहिनीची दिवसाची वीज शिवारात पोचत नाही तोवर अडचण तिथेच आहे.